टाचदुखी आणि आपली उभे राहण्याची रीत

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा संसार उभ्याच्या कामावर चालत आला आहे. गिरणीत साच्यापुढे उभे राहणारे वडील, रस्ते झाडणारी आई, रुग्णालयात पाळी करणारी परिचारिका भगिनी, फाटकाशी बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, फळ्यापुढे शिकवणारे गुरुजी, या सर्वांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा ठोकल्यासारखे होते. थोडे चालले की दुखणे कमी होते आणि दिवस कलताना पुन्हा डोके वर काढते.

घरातले कोणी म्हणते, "वय झाले." कोणी म्हणते, "वात आहे." आणि विषय तेथेच संपतो. आमच्या परिचयाच्या एका भगिनीने ही कळ दोन वर्षे अंगावर काढली. त्या कापडाच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी बाम चोळला, तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकली, तीन वेळा चपला बदलल्या. पण आपण दिवसाचे किती तास उभ्या असता आणि कशा उभ्या असता, हे त्यांना कोणीच विचारले नाही. टाचेचे दुखणे समजून घ्यायचे तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते, असे आमचे मत आहे.

पावलाची रचना

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची हाडे ५२ होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे असतात, म्हणजे त्यांतील चौथा हिस्सा केवळ पावलांत आहे. ही हाडे कमानीसारखी रचलेली असतात. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटतो तेव्हा आतल्या बाजूस जी मोकळी जागा दिसते, ती या कमानीची खूण होय.

तळव्याच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. डॉक्टर त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. धनुष्याला जशी दोरी, तसा कमानीला हा पट्टा. खुर्चीवर बसून, पाऊल जमिनीवर टेकवून पायाचा अंगठा हाताने वर उचलून पाहावा. तळव्याची कमान आपोआप उंच होते, कारण अंगठा वळताच पट्टा ताणला जातो. इंग्लंडमधील हिक्स या शरीररचनातज्ज्ञाने १९५४ मध्ये ही क्रिया सविस्तर मांडली. चालताना टाच उचलली जाते, बोटे वाकतात, पट्टा घट्ट होतो आणि पाऊल कणखर होऊन शरीर पुढे ढकलते. प्रत्येक पावलाला हे घडते.

हा पट्टा टाचेच्या हाडाला जेथे चिकटतो, तेथेच टाचदुखीची कळ बहुधा उठते. रात्रभर पाऊल सैल पडून पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो. एक्स-रेमध्ये टाचेचे 'वाढलेले हाड' दिसले की पुष्कळ लोक घाबरतात. परंतु असे हाड टाच कधीही न दुखलेल्या माणसांतही आढळते. केवळ ते दिसले म्हणून शस्त्रक्रियेच्या चिंतेने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

उभे राहणे हेही काम आहे

नीट उभ्या असलेल्या माणसाच्या कानापासून एक ओळंबा सोडला, तर तो खांदा व खुबा यांजवळून जातो आणि घोट्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे आपले शरीर सतत थोडेसे पुढे झुकू पाहत असते. त्याला मागे खेचून धरण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. बसलेल्याला वाटते की समोरचा माणूस नुसता उभा आहे, पण त्याच्या पोटऱ्या एकसारख्या राबत असतात.

मान पुढे काढून आणि पाठीला पोक काढून उभे राहिले की भार आणखी पुढे सरकतो व पोटरीला जास्त ओढ द्यावी लागते. एका पायावर रेलून उभे राहण्याची सवय असेल तर एकाच टाचेवर व एकाच खुब्यावर भार पडतो. तासन् तास हालचाल न करता उभे राहिल्यास पायांतील रक्तही खाली साचते, कारण रक्त वर ढकलणारा पोटरीचा पंप पाय हलला तरच चालतो. टाचदुखीच्या अभ्यासात तीन गोष्टी वारंवार पुढे आल्या आहेत: घोटा पुरेसा न वाकणे, वाढलेले वजन आणि कामावर दीर्घकाळ उभे राहणे.

यातील तिसरी गोष्ट केवळ आपल्या हातात नसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ होते. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना मधूनमधून विसावा घेता यावा म्हणून बसण्याची सोय करावी, असे ते सांगत होते. पण दुकानांत काम करणाऱ्यांना त्याचा लाभ नव्हता. केरळात कापडाच्या दुकानांतील स्त्रियांना गिऱ्हाईक नसतानाही बसू दिले जात नसे. त्यांनी संघटित होऊन लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याचा हक्क मिळाला. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. आमच्या बंधू-भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. कामाच्या जागी एक स्टूल मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

स्नायूंचा ताण

पोटरीचे स्नायू खाली एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला मागून जोडलेले असतात. तळव्याचा पट्टा त्याच हाडाला खालून जोडलेला असतो. पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि तळव्याच्या पट्ट्यावर अधिक ताण येतो. म्हणूनच दुखते टाच, पण उपचार पोटरीलाही करावा लागतो. पूर्वी चुलीपुढे, शेतात, अंगणात उकिडवे बसणे रोजचे होते व त्यात घोटा पुरता वाकत असे. आता ओटा, खुर्ची आणि कमोड आल्यापासून हा वाकण्याचा सराव पुष्कळांचा सुटला आहे.

ताणाचे आणखी एक कारण खुद्द वेदना हे आहे. दुखऱ्या टाचेला जपण्यासाठी आपण बोटे आवळतो, मांडी ताठ करतो, लंगडतो. काही आठवड्यांत गुडघा, खुबा किंवा कंबरही कुरकुरू लागते. काळजी आणि अपुरी झोप यांनीही अंग आवळले जाते आणि दुखणे अधिक जाणवते.

तोल

डोळे, कानाच्या आतील भाग आणि पायाचे तळवे व सांधे, या तीन ठिकाणांहून मेंदूला तोलाची खबर मिळते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर रोमबर्ग यांनी एक साधी परीक्षा सांगितली. पावले जुळवून उभ्या असलेल्या रोग्याला डोळे मिटायला सांगावे. तळव्यांकडून खबर नीट येत नसेल तर तो डोलू लागतो. टाच दुखत असताना आपण पावलाच्या कडेवर किंवा चवड्यावर भार टाकतो. टेकण्याची जागा कमी होते आणि तोल कच्चा होतो. पाय दुखणारी वयस्कर माणसे अधिक वेळा पडतात, असे पाहणीत दिसून आले आहे. म्हणून आजीच्या पायदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

जेथे वेदनाच नाही तेथे धोका त्याहून मोठा. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप गळतात, असा त्या काळी समज होता. बधिर झालेल्या हातापायांना जखमा कळत नाहीत आणि त्या चिघळून बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. मधुमेहातही पाय बधिर होऊ शकतात. अशा व्यक्तीने विटेचा शेक किंवा कढत पाणी मुळीच घेऊ नये. भाजलेले कळत नाही.

स्वतःची तपासणी

१) भिंतीकडे तोंड करून एक पाऊल पुढे घ्यावे. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटरवर असावा. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. तो लागत नसेल किंवा दोन पायांत बराच फरक असेल तर घोटा व पोटरी आखडली आहे असे समजावे.

२) भिंतीजवळ, हात लगेच टेकता येईल असे, एका पायावर उभे राहून मनात दहा मोजावे. मग दुसरा पाय पाहावा.

३) जुनी चप्पल उलटी करून पाहावी. टाच मागून बाहेरच्या कडेला थोडी झिजणे स्वाभाविक आहे. एकच चप्पल फार झिजली असेल तर भार एकाच पायावर जात आहे. झिजून पातळ झालेली स्लिपर कठीण फरशीवर वापरू नये.

रोज करावयाचे उपाय

१) सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे. हाताने बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ताणाचा चांगला उपयोग दिसला.

२) भिंतीला हात टेकून एक पाय मागे ठेवावा. टाच जमिनीवर ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून करावे, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत.

३) कळ थोडी शमल्यावर आधार धरून सावकाश टाचा उचलाव्या, क्षणभर थांबावे व सावकाश खाली यावे. एक दिवसाआड, झेपेल तेवढेच.

४) कामावर भार दोन्ही पायांवर सारखा ठेवावा, गुडघे ताठ करू नयेत आणि मधूनमधून चार पावले टाकावी. ओट्यापाशी एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवल्यास कंबरेलाही आराम पडतो.

हे दुखणे बहुतेकांचे शस्त्रक्रियेवाचून बरे होते, पण त्यास कित्येक महिने लागतात. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

मधुमेह असून पाय बधिर वाटत असेल किंवा जखम झाली असेल, मार लागल्यावर पाय टेकवत नसेल, पाऊल लाल व गरम होऊन ताप आला असेल, एकच पोटरी अचानक सुजली असेल, किंवा स्वस्थ पडले असतानाही रात्री दुखत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

वर उल्लेख केलेल्या भगिनींनी सकाळचा ताण नेमाने सुरू केला. दुकानातील चौघींनी मिळून मालकाकडे दोन स्टुले मागितली, आणि थोड्या कुरकुरीनंतर ती मिळाली. सहा-सात महिने गेले. आता सकाळी भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत जाता येते, असे त्या सांगतात. विद्यार्थी मित्रांना आमची एवढीच विनंती की, हा पाठ वाचून झाल्यावर आपल्या आईला किंवा वडिलांना भिंतीजवळ उभे करून वरील तीन तपासण्या कराव्या, आणि त्या दिवसाचे किती तास उभ्याने काढतात हेही त्यांना विचारावे.