मतलई वारा आणि पतंगस्वार

पायाखाली फळी आणि कमरेच्या पट्ट्यास दोरांनी जोडलेला मोठा पतंग, एवढ्या साधनांवर पाण्यावरून धावण्याचा खेळ म्हणजे काइटसर्फिंग. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगविण्याच्या पतंगाचे पेटंट घेतले आणि पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उभारणे सुकर झाले. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावरही आता हा खेळ चालतो.

खारा व मतलई हे दोन्ही वारे कोकणवासीयांच्या परिचयाचे. शिडांच्या काळात पहाटेच्या मतलईवर होड्या बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्यावर परतत. पतंगस्वारास मात्र दुपारपर्यंत थांबण्याची सवड नसते. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असता पतंग पडला किंवा दोर तुटला, की तो क्षणोक्षणी किनाऱ्यापासून दूर जातो.

हा वारा फसवा असतो. टेकड्या, झाडे व इमारती यांच्या आडोशामुळे किनाऱ्यालगतचे पाणी शांत दिसते आणि नवख्यास तेच सुरक्षित वाटते. थोडे आत गेले, की वारा मोकळा सुटतो, लाटाही वाढतात. खरी कसोटी परतताना लागते. किनारा हाकेच्या अंतरावर आला असतानाच आडोशातील तुटक वाऱ्याने पतंग कोसळतो आणि स्वार पुन्हा बाहेर ओढला जातो.

स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा येथे हा फरक एकाच पुळणीवर पाहावयास मिळतो. पश्चिमेचा ‘पोनिएन्ते’ स्वारास किनाऱ्याकडे आणतो. पूर्वेचा ‘लेवान्ते’ त्यास अटलांटिक महासागराकडे लोटतो. तेथील सामुद्रधुनी अवघी सुमारे १४ किलोमीटर रुंद, त्यामुळे दोन्हीकडच्या डोंगरांत कोंडलेला हा वारा विलक्षण जोर धरतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी मूठभर कोरडी वाळू उडवून पाहावी. ती समुद्राकडे जात असेल आणि मदतीस यंत्रहोडी सज्ज नसेल, तर त्या दिवशी उतरू नये. एरवी पडलेला पतंग दोन्ही टोकांशी धरून त्याचेच शीड करीत किनारा गाठता येतो. मतलईत तेच शीड खोल समुद्राकडे नेते. म्हणून पतंग पडताच संकटकाळची कळ ओढून त्याचा जोर घालवावा आणि निर्णय तत्काळ घ्यावा. किनारा अगदी जवळ असल्यास पतंगाचा मोह सोडून फळीच्या आधाराने परतावे. अंतर वाढले असल्यास मात्र पतंग सोडू नये. तो तरंगतो आणि शोधणाऱ्यांस दुरून दिसतो. जलरोधक पिशवीत मोबाइल जवळ बाळगावा. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.