शिट्टी होत नाहीये? झाकणाला हात लावू नका

कुकर नेहमीसारखा वाजत असेल तर खुशाल दुसरं काम करा. तो गप्प बसला, की मात्र हातातलं टाकून आधी गॅस बंद करा. आपल्याकडे सगळं लक्ष शिट्ट्या मोजण्यात. ‘तीन झाल्या की चार?’ यावरून घरात वाद होतील, पण न झालेल्या शिट्टीची कुणी दखल घेत नाही.

आमच्याकडे गौरी जेवणाच्या दिवशी पुरणाची डाळ लावली होती. कटाची आमटी सगळ्यांना पुरायला हवी, म्हणून डाळीत पाणी सढळ हाताने घातलेलं. मोठा कुकर गळ्यापर्यंत आलेला. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. धाकटी जाऊ म्हणाली, “वहिनी, पाणी आटलं की काय? बघते उघडून.” तिने गॅस बंद केला, शिट्टी चिमट्याने उचलून पाहिली. फुस्स नाही की काही नाही. म्हणजे वाफच नाही, असं समजून तिने झाकण फिरवलं.

डाळ छतापर्यंत गेली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

शिट्टी उचलल्यावर आवाज आला नाही, याचे अर्थ दोन. एक, आत खरंच वाफ नाही. दुसरा, वाफ आहे पण तिला वाट नाही. झाकणातल्या नळीत डाळीचा कण आणि फेस जाऊन बसला होता. कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर नव्हे, जवळजवळ एकशे वीस अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. झाकण सुटलं की दाब एकदम उतरतो आणि त्या जादा तापलेल्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते. ती उरलेली डाळ वर फेकते. गॅस बंद केल्याने हे टळत नाही, कारण आतली उष्णता कुठे गेलेली नसते. बाहेरून बसणारं झाकण असलेल्या कुकरमध्ये हा धोका जास्त. आतून बसणारं झाकण दाबानेच वर घट्ट लागतं, सहजी उघडत नाही.

मग सेफ्टी व्हॉल्व्ह काय करत होता? त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू असतो. नळी तुंबली किंवा पाणी आटलं, की त्याने आधी उडून वाट करून द्यायची. आमचा आधीचा व्हॉल्व्ह गेल्यावर रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याने ‘कुठलाही चालतो’ म्हणून दुसराच बसवून दिला होता. तो चालत नाही. कंपनी आणि मॉडेल पाहूनच घ्यावा. किंमत किरकोळ असते.

भाजल्यावर घरात जी धावपळ होते तीही सांगायला हवी. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद, एकीने तर बटाटा किसायला घेतला. यातलं काहीही लावू नये, बर्फसुद्धा नाही. भाजलेला भाग नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरायचा. आणि बांगड्या, अंगठ्या लगेच काढायच्या, कारण हात सुजतो. सणाचा दिवस, नुकता भरलेला हिरवा चुडा. तो उतरवायला सगळ्याच कचरत होत्या. शेवटी सासूबाईंनीच साबण लावून एकेक बांगडी काढली. मग दवाखाना.

डाळ थेट कुकरमध्ये लावायची असेल तर डाळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. तांदळालाही हाच नियम. भाजी, बटाटे यांना दोन तृतीयांश चालतं. माणसं जास्त असतील तर दोनदा लावा. झाकण न लावता पहिली उकळी येऊ द्यावी, वर आलेला फेस काढून टाकावा, चमचाभर तेल सोडावं, मग झाकण. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून पलीकडचं दिसतं का ते पाहा. दिसलं नाही तर सुईने साफ करा. हे पाहायला पाणी उकळेपर्यंतचा वेळ पुष्कळ झाला.

एवढं करूनही शिट्टी झाली नाही तर आधी कान द्या. कडेने फुसफुस येत असेल तर रिंग सैल झाली आहे. गॅस बंद करा, वाफ जिरली की रिंग बदला. घाबरण्याचं कारण नाही. पूर्ण शांतता असेल तर गॅस बंद करून कुकर आहे तिथेच राहू द्या. उचलून सिंकमध्ये नेऊ नका, चमच्याने ठोकू नका. भांड्याला उघडा हात निवांत टेकवता येईल इतका तो गार झाला, म्हणजे दाब उरलेला नसतो. जेवण उशिरा होईल, होऊ दे. आम्ही त्या दिवशी उरलेली डाळ पातेल्यात शिजवली आणि नैवेद्य दुपार कलल्यावर दाखवला.

नवा कुकर घेताना आयएसआयचं चिन्ह पाहा. 2021 पासून ते बंधनकारक आहे, तरी त्याशिवायचे स्वस्त कुकर मिळतात. आणि स्वयंपाकाला मावशी येत असतील तर हे सगळं त्यांच्याशी बोला. कुकर रोज त्यांच्या हातात असतो, तो कुठून गळतो हे त्यांना आपल्याआधी कळतं. त्यांनी नवी रिंग मागितली तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.