आजोबांबरोबर टर्कीच्या शिकारीला

अगं, ‘पाठवू का?’ एवढंच विचारून तू फोन ठेवलास, पण पोटातली धाकधूक मला ऐकू आली. सासऱ्यांना सहा वर्षांच्या नातवाला वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला न्यायचंय, नवरा म्हणतोय ‘मीही ह्याच वयात गेलो होतो’, आणि तुझ्या डोळ्यांसमोर मात्र बंदूक, रक्त आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर डोळे मोठे करणारी आई. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: पाठव. पण पोरगा तयार आहे का, हे बघत बसू नकोस. त्या वयाचं मूल कशालाही तयारच असतं. तयारी बघायची ती मोठ्यांची.

पहिलं म्हणजे बंदूक. आपल्या विस्कॉन्सिनमध्ये २०१७ पासून जाणत्या माणसाबरोबर शिकार करायला वयाची खालची अटच राहिलेली नाही. मोठं माणूस सतत हाताच्या अंतरावर हवं, असा नियम आहे. त्यामुळे हौसेने कुणीतरी म्हणेलच, ‘त्याच्याही नावाचा परवाना काढू या की!’ तिथे ठाम राहा. कायद्याला चालतं ते आपल्याला चालायलाच हवं, असं थोडंच आहे? यंदा तो फक्त बघायला जाणार. बंदूक एकच, आणि ती आजोबांकडे. त्यांच्या घरी बंदुका कुलपात असतात ना, काडतुसं वेगळी ठेवतात ना, हेही विचारून घे. तुला संकोच वाटत असेल तर नवऱ्याला विचारायला लाव, पण विचारल्याशिवाय पाठवू नकोस.

आता वेळ. टर्की रात्री झाडावर झोपते आणि नर उजाडायच्या आधीच फांदीवरून ओरडायला लागतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीला परवानगी असते, म्हणजे त्याआधी जागेवर जाऊन बसायला हवं. पोराला चारच्या आधी उठवायचं, बर्फासारख्या गार जमिनीवर बसवायचं आणि वर ‘हलू नकोस’ म्हणायचं! आजोबांना हा पहाटेचा थाट सोडवणार नाही, पण त्यांना आठवण करून दे की नऊ-दहाच्या सुमाराला माद्या घरट्यांकडे गेल्या की एकटा पडलेला नर पुन्हा साद द्यायला लागतो. ही वेळ लहान मुलासाठी झकास. झोप झालेली, पोट भरलेलं, अंगावर ऊन. शिवाय इथला हंगाम आठवड्याआठवड्याच्या टप्प्यांत एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत चालतो. मे महिन्यात गारठा कमी, तेव्हा त्यातला परवाना मिळत असेल तर तोच बरा.

त्याच्याही आधी एक संध्याकाळ बंदुकीशिवाय जाऊ दे त्यांना. दिवस मावळताना आजोबांनी घुबडाचा आवाज काढला, की झाडावर चढून बसलेला नर राहवत नसल्यासारखा ओरडून उत्तर देतो. आमच्या लेकीला ते इतकं आवडलं होतं की पुढे कित्येक दिवस घरात घुबडं घुमत होती. त्या संध्याकाळी कंटाळला, घाबरला, तर कळेलच. हसत आला तर पुढचं पाऊल.

कपड्यांकडे मात्र तू स्वतः लक्ष दे. लाल, पांढरा, निळा, काळा, यांतलं काहीही नको. अगदी मोज्याची कडसुद्धा नको. नर टर्कीचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं आणि अंग लांबून काळं दिसतं. झुडपातून दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढाच ठिपका दिसला तर काय होईल, ते मी सांगायला नको. चालताना दोघांनीही भडक नारिंगी घालायचं. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, स्पष्ट आवाजात हाक मारायची. हे पोराकडून घरीच घोकून घे.

टर्कीची नजर फार तीक्ष्ण. पापणी लवली तरी दिसावी, अशी. उघड्यावर झाडाला टेकून बसायला सांगितलं तर आपले चिरंजीव पाच मिनिटांत सगळं रान मोकळं करतील. म्हणून सासऱ्यांना ब्लाइंड, म्हणजे तो छोटा तंबू, लावायला सांग. आत गडद रंगाचा शर्ट घातला आणि मागच्या खिडक्या बंद ठेवल्या की थोडी चुळबुळ खपून जाते. बसायला लहान खुर्ची, एक चित्रांची वही आणि खाऊ. टर्कीला वास फारसा येत नाही, तेव्हा शेंगदाण्याचे लाडू बिनधास्त दे. कुरकुरणारं पाकीट मात्र नको, डबा दे. बॉक्स कॉल त्याच्या हातात देऊ देत. लाकडी डबीवर झाकण घासलं की मादीचा आवाज निघतो, मुलांना सहज जमतं. आजोबांनी खूण केली की वाजवायचं, एवढा एकच नियम ठेवा.

कानांची हयगय नको. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, आणि तेवढ्या आवाजाने एका फटक्यात कान कायमचा अधू होऊ शकतो. बॅटरीवर चालणारे इअरमफ मिळतात. बारीक आवाज त्यांतून ऐकू येतो, मोठा अडतो. ते आधी घरात घालायची त्याला सवय लाव, नाहीतर ऐन वेळी पोरगा काढून फेकेल. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गोचीड शोध: कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे. त्या भागात लाइमचा आजार पसरवणारे गोचीड आहेत, आणि मे महिन्यातली पिल्लं खसखशीएवढी असतात. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. तेल नको, काडी लावणं नको.

आणि आता तू जे विचारलंच नाहीस ते. पक्षी मेला तर?

छर्रे लागल्यावर टर्की बराच वेळ पंख आपटते. मरणानंतरचीच ती धडपड असते, पण ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, ती उठून पळू बघतेय. हे आधी सांग, अगदी साध्या शब्दांत. ‘झोपली’, ‘देवाघरी गेली’ असलं काही नको. ‘आजोबा तिला मारणार, मग आपण ती खाणार.’ मामाच्या गावी मागच्या अंगणात कोंबडा कापताना आपण दोघींनी पाहिलंय, आणि कुणी आपले डोळे झाकले नव्हते. तो रडला तर रडू दे, त्याला ‘मर्द आहेस ना’ असं कुणीही म्हणता कामा नये, हे सासऱ्यांना माझं नाव घेऊन सांग. ‘तिच्या पिल्लांचं काय?’ असं त्याने विचारलं तर उत्तर आहे: वसंतात नरच मारतात. क्वचित एखाद्या मादीलाही छातीवर केसांसारख्या पिसांची दाढी असते आणि तशी मादी मारायला परवानगी असते, तेवढा अपवाद. अंडी उबवणं मादीचं काम, नर त्यात नसतो.

आईला काय सांगायचं, तेही ऐक. विस्कॉन्सिनमधून रानटी टर्की १८८१ पर्यंत संपलीच होती. १९७६ मध्ये मिझुरीहून पक्षी आणून सोडले, तेही तुझ्या सासरच्याच व्हर्नन काउंटीत. बदल्यात इथून मिझुरीला रफ्ड ग्राउस गेले. १९८३ मध्ये पुन्हा वसंतातली शिकार सुरू झाली. शिकाऱ्यांच्या परवान्यांचा पैसा आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर असल्या कामांना जातो. म्हणजे तुझे सासरे लहान होते तेव्हा त्या टेकड्यांवर हा पक्षी नव्हताच. ही गोष्ट नातवाला त्यांनीच सांगावी. ब्लाइंडमधले दोन तास त्यात कसे जातील ते कळणारही नाही.

पक्षी घरी आला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. फोनवरचे आकडे पोराला दाबू दे. छर्रे शिशाचे नकोत, ही अटही आत्ताच घाल. मुलाच्या ताटात ते मांस येणार आहे. शिजवताना प्रत्येक तुकडा बोटांनी चाचप. छातीचं मांस पातळ कापून पटकन परत, तंगड्या मात्र चिवट, त्यांचा मालवणी मसाल्यात मंद आचेवर रस्सा कर. सासरे दुसऱ्यांदा वाढून घेतील.

एवढं सगळं जमलं तरी हो म्हणायच्या आधी सासऱ्यांना एक प्रश्न विचार. समजा नर समोरच्या शेताच्या कडेपर्यंत आलाय, अजून दहा मिनिटांत टप्प्यात येईल, आणि नातू म्हणाला, ‘आजोबा, मला घरी जायचंय.’ तर काय कराल? ‘उठू आणि येऊ’ असं ते पटकन म्हणाले, तर बिनघोर पाठव. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ म्हणाले, तर पुढच्या वर्षी. आणि त्यांना कारणही सांग, म्हणजे वर्षभर त्यांनाही तयारी करता येईल.