पाण्यातली ओढ मोजायची कशी?

प्रश्न : साबणासारख्या रेणूंचा थर दिलेले दोन पृष्ठभाग पाण्यात जवळ आणले की एकमेकांना ओढून घेतात, असं वाचलं. ओढ दिसत नाही, अंतरही अणूरेणूंच्या मापाचं. मग ती मोजली कशी? आणि मोजलेलं खरं कशावरून?
– रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जाणत्या संशोधकांनाही त्यानं वीसेक वर्षं झुंजवलं आहे. पण आधी मोजणीचं बघू.

नॅनोमीटरभर अंतर मोजायचं, तर पृष्ठभागही तितकाच सपाट हवा. काच कितीही घासा, रेणूच्या मापानं तिच्यावर उंचसखल भाग उरतातच. इथे कामी आला अभ्रक, जुन्या इस्त्रीत तापणारी तार ज्यावर गुंडाळलेली असायची तोच. त्याचे पापुद्रे सुटतात, आणि जपून सोलले तर मोठ्या भागावर एका अणूइतकीही पायरी लागत नाही. केंब्रिजमध्ये डेव्हिड टेबर आणि विंटरटन यांनी १९६९ साली अशा दोन पापुद्र्यांमधली ओढ हवेत मोजली. टेबर यांचेच विद्यार्थी जेकब इस्रालाचव्हिली यांनी पुढे ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला, ॲडम्स यांच्यासोबत द्रवात चालणारं उपकरण उभं केलं. हे १९७० च्या दशकात.

त्याची रचना मला फार देखणी वाटते. साधारण सेंटिमीटरभर त्रिज्येच्या दोन दंडगोल काचांवर अभ्रक चिकटवायचा आणि त्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या. दोन सपाट पाट्या समांतर धरणं जवळपास अशक्य. आडवे-उभे दंडगोल मात्र एकाच बिंदूत एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. अभ्रकाच्या पाठीला चांदीचा पातळ मुलामा असतो. आरपार पांढरा प्रकाश सोडला की तो दोन चांदीच्या थरांमध्ये मागेपुढे परावर्तित होतो आणि वर्णपटात ठराविक रंगांच्याच रेषा उमटतात. पापुद्रे हलले की रेषाही सरकतात. त्यावरून अंतर ०.१ नॅनोमीटरपर्यंत कळतं, म्हणजे पाण्याच्या एका रेणूच्या जेमतेम तिसऱ्या भागाइतकं.

आता बल. एक पृष्ठभाग स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि स्प्रिंगचं दुसरं टोक वीजदाबानं किंचित लांबणारा स्फटिक पुढे सरकवतो. समजा, स्फटिकानं ते टोक १० नॅनोमीटर सरकवलं, पण रेषा सांगतात की अंतर १२ नॅनोमीटरनं घटलं. जास्तीचे दोन नॅनोमीटर स्प्रिंग ताणली गेल्यामुळे आले. त्यांना स्प्रिंगच्या ताठपणानं गुणलं की बल हाती येतं. मीटरला १०० न्यूटन ताठपणाची स्प्रिंग असेल, तर ०.१ नॅनोमीटरच्या फरकातून एका मायक्रोग्रॅमच्या वजनाइतकं बल ओळखता येतं. ०.३ मिलिमीटर बाजूचा मिठाचा दाणा त्याच्या साठपट जड भरेल.

ओढ मोजताना एक अडचण हमखास येते. जवळ जाताना ओढ स्प्रिंगच्या ताठपणापेक्षा वेगानं वाढू लागली की पृष्ठभाग ताब्यात राहत नाहीत, उडी मारून चिकटतात. मधल्या अंतरांची नोंद हुकते. ताठ स्प्रिंग घेतली तर उडी टळते, पण बारीक बल कळेनासं होतं. म्हणून वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून उडी कुठून सुटते तेही टिपतात, आणि चिकटलेले पृष्ठभाग सोडवायला किती जोर लागतो तेही.

१९८२ साली इस्रालाचव्हिली आणि रिचर्ड पॅशली यांनी अभ्रकावर सीटॅब या डोकं आणि शेपटी असलेल्या, साबणासारख्या रेणूंचा एक-रेणू-जाड थर बसवला. जखमा धुण्याच्या सेट्रिमाइडमधले रेणू याच घराण्यातले. पाण्यात अभ्रकावर ऋणभार असतो, सीटॅबचं डोकं धनभारित. डोकी अभ्रकाला धरून बसतात आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या बाहेर येतात. या पृष्ठभागांमध्ये सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत ओढ जाणवली. रेणूरेणूंमधल्या नेहमीच्या व्हॅन डर वाल्स ओढीपेक्षा ती कितीतरी जोरकस होती. १० नॅनोमीटर म्हणजे मध्ये पाण्याच्या रेणूंचे तीसेक थर. एवढ्या लांबून शेपट्यांना एकमेकींचा पत्ता लागतो कसा?

पुढे दोन शेपट्यांच्या रेणूंवर प्रयोग झाले आणि ही ओढ आणखी लांबून, शंभर नॅनोमीटरच्या आसपासही दिसू लागली. इथे शंका घ्यायलाच हवी होती, आणि ती घेतली गेली. पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकल्यावर लांबची ओढ घटते, असं काही प्रयोगांत दिसलं. म्हणजे पृष्ठभागांवरच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांचे पूल होत असणार.

पण सगळीकडे बुडबुडेच कारण नव्हते. खुद्द इस्रालाचव्हिलींच्या गटानं २००६ च्या सुमारास दाखवलं की पाण्यात बुडवलेला थर बसवला तसा राहतच नाही. शेपट्यांना पाणी नको असतं. म्हणून रेणू आपल्या जागा सोडतात, उलटून एकमेकांवर चढतात आणि दुहेरी थराचे तुकडे तयार होतात. त्या तुकड्यांवर धनभार, मधल्या उघड्या अभ्रकावर ऋणभार. समोरच्या पृष्ठभागावरही अशीच ठिगळं. विरुद्ध भारांची ठिगळं समोरासमोर आली की लांबूनही ओढतात. त्या मोजमापांत आकडा बरोबर होता, पण तो भलत्याच पृष्ठभागाचा होता. आपल्याच मापांकडे पुन्हा संशयानं पाहण्याची ही तयारी मला मूळ शोधाइतकीच मोठी वाटते.

मग पाणी टाळण्यातून येणारी खरी ओढ उरते का? उरते, पण जवळची. घट्ट बसलेल्या, न हलणाऱ्या थरांवर ती अगदी थोड्या अंतरात, साधारण दर नॅनोमीटरला एक-तृतीयांशाच्या आसपास उरत, विरून जाते. म्हणूनच आता बल मोजण्याबरोबर तोच थर पाण्याखाली सूक्ष्म सुईनं चाचपून बघतात, की तो अजून सलग आहे की त्याची ठिगळं झाली आहेत.