सोलापुरातील भाड्याची घरे : निवारा, काम आणि लेखी करार

गिरण्या, माग आणि विडी ही सोलापूर शहराची जुनी ओळख होय. या तिन्ही उद्योगांनी शहराला जसे काम दिले, तसेच घरांचे एक वेगळे स्वरूपही दिले. शहराच्या पूर्व भागात भाड्याने घेतलेली खोली ही केवळ राहण्याची जागा नसते. तीच कामाचीही जागा असते. विडी कामगार स्त्री कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने व तंबाखू घरी आणते, पाने भिजवते, कात्रीने कापते, विड्या वळून जुड्या बांधते आणि ठरल्या वेळी शाखेत नेऊन देते. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असते. घर सुटले की तिचे छप्पर जाते आणि त्याबरोबर कामाची बैठकही जाते. सोलापुरातील घरभाड्याचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

गिरणीपासून पेठेपर्यंत

१८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी व जामश्री या गिरण्या उभ्या राहिल्या. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येथे आली. आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून व कर्नाटकाच्या सीमेवरील गावांतूनही मजूर आले. गिरण्यांनी काही कामगारांसाठी चाळी बांधल्या. उरलेल्यांनी साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ अशा वस्त्यांत खोल्या धरल्या. चाळीतली खोली नोकरीशी बांधलेली असे, आणि पेठेतली खोली घरमालकाच्या मर्जीशी.

गिरणीची नोकरी पक्की नाही, हे शहराने लवकरच पाहिले. जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारला जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिची व्यवस्था हाती घ्यावी लागली. त्यातून उद्भवलेले खटले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासात त्यांना कायमचे स्थान मिळाले. काळाच्या ओघात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. काम यंत्रमागाच्या लहान शेडमध्ये व विडी कामगारांच्या घरात विखुरले. पगाराचा ठरलेला दिवस गेला. भाड्याचा ठरलेला दिवस मात्र राहिला.

गोठलेले भाडे आणि गळके माळवद

जुन्या पेठांतील भाड्यावर कायद्याचा दीर्घकाळ परिणाम झाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरवले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा त्यामागील हेतू होता आणि तो सफलही झाला. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे चालला. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच थांबले. वर्षाच्या भाड्यातून माळवदावर माती टाकण्याचा खर्चही निघेना. घरमालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही, आणि दोघांच्या मध्ये वाडा मात्र खचत गेला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्णय दिला.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत घरमालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ नियमित देणाऱ्या आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळणाऱ्या भाडेकरूचे संरक्षण कायम राहिले. घर राहण्याजोगे ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असल्याचे कायदा सांगतो. त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि तो खर्च वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांश मर्यादेपर्यंत वळता करून घेऊ शकतो. पाणी, वीज यांसारख्या सोयी तोडून भाडेकरूला हुसकावणे कायद्याला मान्य नाही.

हद्दवाढ आणि नवे भाडेकरू

१९९२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची गावे शहरात आली. होटगी रस्ता, विजापूर रस्ता व जुळे सोलापूर या बाजूंना नव्या वसाहती झाल्या. येथील भाडेकरू निराळा आहे. बदलीवर आलेला सरकारी नोकर, बँकेतील कर्मचारी, शिक्षक, १९६३ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी, असे हे लोक. विद्यार्थी बहुधा कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे खोली एकच, भाडे मात्र माणशी.

सोलापुरात भाडे ठरताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाणी किती दिवसांआड येते आणि साठवायला हौद आहे का? उजनीचे पाणी गेली अनेक वर्षे शहराला काही दिवसांआड मिळत आले आहे. त्यामुळे जमिनीखालील टाकी व बोअर असलेल्या दोन खोल्यांना, ती सोय नसलेल्या तीन खोल्यांपेक्षा अधिक पसंती मिळू शकते. पूर्व भागात हाच हिशेब अंतराने होतो. विडी शाखा व यंत्रमाग चालत जाण्याजोगे असतील, तर अंधारी खोलीही रिकामी राहत नाही.

याच शहरात दुसरेही दृश्य दिसते. मुले नोकरीसाठी पुण्यास गेलेली आणि घराला कुलूप. ‘भाडेकरू ठेवला, तर तो पुन्हा निघायचा नाही,’ ही घरमालकाची भीती त्यामागे असते. प्रश्न केवळ सोलापूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली; त्याच वेळी शहरांतील सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. रिकामे घर व निवाऱ्याच्या शोधातील कुटुंब यांच्यामध्ये पैशाची अडचण असते, तशीच विश्वासाचीही असते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

हा विश्वास उभा करण्याचे साधन कायद्यात आहे. परंतु त्याविषयी मोठा गैरसमज आढळतो. मुद्रांकाच्या कागदावर अकरा महिन्यांचा मजकूर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्याने नोंदणी आवश्यक असल्यामुळे अकरा महिन्यांची ही प्रथा पडली. परंतु १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, त्या कायद्याच्या क्षेत्रातील भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय, अटींविषयी वाद उद्भवला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

नोंदणीचा लाभ घरमालकालाही तितकाच आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ‘निघायचा नाही’ या भीतीला हे उत्तर आहे.

खर्चाची धास्तीही अनाठायी ठरते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व परतावा करावयाच्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का आहे. उदाहरणार्थ, दरमहा ५,००० रुपये भाडे, २०,००० रुपये अनामत व एक वर्षाची मुदत असेल, तर भाड्याचे ६०,००० व व्याजाचे २,००० मिळून ६२,००० रुपये होतात. त्यावर पाव टक्क्याने १५५ रुपये येतात. नोंदणी शुल्क त्याहून वेगळे असते. करारात अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, वीज व पाणीपट्टी कोणी भरावयाची, आणि घरात विडी वळण्यास किंवा शिलाईयंत्र चालवण्यास मुभा आहे काय, या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पूर्व भागातील तंट्यांचे मूळ पुष्कळदा अशा न लिहिलेल्या गोष्टींतच असते. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क असून ती देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

भाड्यातून मालकीकडे

ज्यांच्या कमाईला भाडे कधीच झेपले नाही, अशा कामगारांनी सोलापुरात दुसरा मार्गही शोधला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या ‘रे नगर’ प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरे लाभार्थींच्या हवाली करण्यात आली. यातील प्रत्येक घरासाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये साहाय्य आहे.

मालकीचे घर मिळाले, की भाड्याची चिंता सरते. परंतु सोलापूरचा मूळ प्रश्न उरतोच. घर जर कामाचीही जागा असेल, तर कामही घराजवळ यावे लागते. शहराबाहेरील वसाहतीत बससेवा, शाळा, दवाखाना आणि विडीचा माल देण्या-घेण्याची सोय नसेल, तर घराचा हप्ता व शहराचे प्रवासभाडे असा दुहेरी भार पडतो. अशी कुटुंबे पुन्हा पेठेतील खोलीकडे वळण्याचा धोका असतो.

स्थानिक कार्यकर्त्यांचे काम

या बाबतीत शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. शहरालगतच्या गावांत भाड्याच्या खोल्या वाढत आहेत. तेथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे की नाही, हे आधी पाहावे. लागू नसला, तरी लेखी कराराचे महत्त्व कमी होत नाही. ग्रामसभेत कराराचा एक नमुना वाचून दाखवता येईल. शिक्षकाला घर बदलल्यामुळे शाळा सुटलेले मूल सर्वांत आधी दिसते. त्याच्या आईला नोंदणीकृत कराराची माहिती देणे हे काम लहान वाटले, तरी त्यातून मुलाची शाळा वाचू शकते. शिधापत्रिका, बँक खाते, शाळेचा दाखला या सर्वांसाठी पत्ता लागतो, आणि भाडेकरूचा पत्ता नोंदणीकृत करारानेच पक्का होतो.

भाडे किती असावे, हे बाजार, पाणी व अंतर ठरवत राहतील. परंतु उद्या सकाळी हीच खोली आपली असेल काय, हा प्रश्न बाजारावर सोडण्याचे कारण नाही. दोन सह्या व एका नोंदणीने तो सुटू शकतो. ज्या खोलीत रोज हजार विड्या वळल्या जातात, तेथे त्या दोन सह्यांचे मोल फार मोठे आहे.