स्पर्श : शास्त्रातील, बाजारातील व घरातील

संघाच्या चिटणीसांनी यंदाच्या वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे, अशी आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांत गेलेले. विद्वानांच्या विषयास हात घालण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पोत्यात हात घालणे हाच ज्याचा धंदा, त्याने स्पर्शाविषयी चार शब्द लिहिल्यास ते अगदीच अनाठायी होणार नाही, असे वाटून हा प्रयत्न केला आहे.

पाठशाळेत आपण सर्वांनी स्पर्शाचे आठ प्रकार घोकलेले असतात : शीत व उष्ण, स्निग्ध व रूक्ष, मृदु व कर्कश, गुरु व लघु. घोकलेले पुष्कळदा तेथेच राहते. वस्तुतः आपल्या आचार्यांनी इंद्रियांची गणना करताना स्पर्शनास पहिले स्थान दिले, यात मोठा अर्थ आहे. पृथ्वी, जल, अग्नी, वायू व वनस्पती या काया धारण करणाऱ्या जीवांना हे एकच इंद्रिय असते. डोळा नाही, कान नाही, जीभही नाही, असा संसारी जीव असू शकतो. स्पर्श नाही असा असू शकत नाही. दिगंबर मुनींच्या हाती मोरपिसांची पिंछी असते, तिच्यामागे हाच विचार आहे. बसण्याची जागा झाडताना सूक्ष्म जीवासही कर्कश स्पर्श होऊ नये, म्हणून सृष्टीतील मऊ वस्तू निवडली गेली. इकडे आधुनिक विज्ञानास त्वचेला ऊब व दाब कळतो कसा, हे कोडे उलगडावयास बराच काळ लागला. ते उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांना 2021 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बाजाराकडे वळू. आमचे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, त्यांनी आम्हांस दुकानात बसविले तेव्हा पहिले सहा महिने वहीस हात लावू दिला नाही. केवळ पोत्यात हात घालावयाचा. वाळलेल्या गव्हात हात कोपरापर्यंत सहज शिरतो व दाणे बोटांवरून सळसळत सुटतात. ओलसर मालात हात अडतो, दाणा तळव्यास चिकटतो व गार लागतो. पोत्याच्या पोटात हात नेल्यावर ऊब लागली, तर आत कीड अथवा बुरशी जागी झाली आहे असे समजावे. वरून माल कितीही सुरेख दिसो. तूरडाळ बोटांना वाजवीपेक्षा गुळगुळीत लागली, तर तिला तेलाचा हात फिरला आहे. एवंच, शीत, उष्ण, स्निग्ध, रूक्ष हे चार स्पर्श आम्ही पाठशाळेत ऐकले आणि पोत्यात शिकलो. आता ओलावा मोजण्याचे यंत्र आले आहे. सरकारी खरेदीत भातास 17 टक्के व गव्हास 14 टक्के ही ओलाव्याची मर्यादा यंत्रच ठरविते, आणि ते योग्यच आहे. कारण यंत्रास शेतकऱ्याचा चेहरा दिसत नाही व भिडेने ते आकडा बदलत नाही. तरीही आमचा हात अद्याप आधी पोत्यात जातो. सवय म्हणा.

याच बाजारात स्पर्शाचा दुरुपयोगही झाला, तो लपविण्यात अर्थ नाही. जुन्या काळी अनेक बाजारांत सौदा 'हत्ता' पद्धतीने होई. अडत्या व खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांचा हात धरीत. एक बोट दाबले तर एक, पुरा पंजा धरला तर पाच. तो आकडा रुपयांचा की आण्यांचा, हे त्या दोघांस ठाऊक. ज्याच्या रक्ताचे पाणी होऊन तो माल पिकला, तो शेतकरी दोन हात अंतरावर उभा राहून उपरण्याची हालचाल पाहत असे. 1928 साली शेतकी कमिशनने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई इलाख्यात 1939 साली बाजार समित्यांचा कायदा झाला आणि पुढे उघड लिलावाने या पद्धतीस हळूहळू बाजाराबाहेर काढले. आपल्या वाडवडिलांपैकी काहींनी त्या कायद्यास विरोध केला होता, असे आम्ही आप्पांच्या तोंडून ऐकले आहे. आमच्या मते त्यांचे चुकले. अर्थात त्याच हातांनी विसाराचा एक रुपया घेऊन, कागदाचा चिटोराही न करता, भाव चढल्यावरही शब्द पाळला, हेही तितकेच खरे.

गुरु व लघु या जोडीविषयी मात्र आम्हांस बोलताना संकोच होतो. क्विंटलच्या पोत्याचा 'गुरु' स्पर्श आम्ही काट्यावर वाचला. तो मानेवर घेतला हमालांनी. आम्ही शाळकरी असताना आमच्याच दुकानात हमालांना पाणी ओंजळीत वरून ओतून दिले जाई. अस्पृश्यता संविधानाने 1950 साली नष्ट केली होती, 1955 साली त्यासाठी कायदाही झाला होता. आमच्या माठापर्यंत तो वीस वर्षे पोहोचला नव्हता. ज्याच्या घामाने पोते भिजले, त्या पोत्यातील ज्वारीची भाकरी आमच्या ताटात चालत होती, त्याच्या हाताचा पेला चालत नव्हता! एके दिवशी थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, तो वेगळा तांब्या मोडीत दिला व सर्वांसाठी एकच पेला ठेवला. आप्पा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो.

घरातील स्पर्शाविषयी फार लिहीत नाही, तो प्रत्येकास ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र सुनांनी व लेकींनी जरूर लक्षात ठेवावी. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरी 1978 च्या सुमारास इस्पितळात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. गरजेपोटी काढलेली ही युक्ती इतकी गुणकारी ठरली की, आता आपल्या देशातील इस्पितळांतही ती शिकविली जाते. आमच्या नातीस तिच्या आईने असेच उराशी धरून वाढविले.

शेवटी बंधाविषयी. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात परमाणूंचा बंध स्निग्धता व रूक्षता यांमुळे होतो, असे सांगितले आहे. ज्यांच्या ठिकाणी हे गुण अगदी किमान अंशाचे, त्यांचा बंध होत नाही. समान अंशाचेही जुळत नाहीत. एक दुसऱ्याहून दोन अंशांनी अधिक असावा लागतो. भागीदारीच्या दुकानास हा नियम लावून पाहावा, अशी आमची व्यापारी बंधूंना सूचना आहे. कर्माच्या बंधाचेही टीकाकार चार प्रकार सांगतात व सुयांचा दृष्टांत देतात. नुसता ढीग करून ठेवलेल्या सुया, त्या स्पृष्ट. दोऱ्याने बांधलेल्या, त्या बद्ध. गंजून एकमेकींस चिकटलेल्या, त्या निधत्त. आणि तापवून ठोकून एकजीव केलेल्या, त्या निकाचित.

अण्णांची व आमची वाटणी झाली ती गोदामावरून. जागा लहान होती, तंटा मोठा झाला. मधोमध भिंत घातली गेली आणि अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दर वर्षी दशलक्षण पर्व संपले की क्षमावणीचे छापील कार्ड नोकराच्या हाती भिंतीपलीकडे जाई व तिकडूनही तसेच येई. पुढे कार्डे बंद होऊन मोबाइलवर हात जोडलेले चित्र जाऊ लागले. क्षमा मागितल्याचे समाधान दोघांनाही होते. स्पर्श कोठेच नव्हता. आमच्या सुया कोणत्या अवस्थेत होत्या, हे आम्हांस तेव्हा विचारले असते, तर आम्ही 'निकाचित' असेच उत्तर दिले असते.

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा एका सकाळी ते पुतण्याचा आधार घेत आमच्या दुकानाची पायरी चढले. नमस्कार नाही, चौकशी नाही. समोरच्या उघड्या पोत्यात त्यांनी हात घातला, दाणे चोळले आणि म्हणाले, "खपली गहू ना हा? आतून गार लागतोय. ऊन दे याला." आम्हीही त्याच पोत्यात हात घातला. दाण्यांच्या आत त्यांची बोटे आमच्या बोटांस लागली. त्यांनी हात काढून घेतला नाही.

गहू खरोखरच ओलसर होता. दुपारी तो गच्चीवर पसरला.