वृद्ध माता-पित्यांसह अष्टविनायक यात्रा : नियोजन व विचार

महाराष्ट्रातील भाविकांना तीर्थयात्रा आणि मातृपितृसेवा या दोन गोष्टी वेगळ्या करून कधी शिकवल्या गेल्या नाहीत. आईवडिलांना कावडीत बसवून तीर्थे घडवणारा श्रावणबाळ आणि त्यांच्या सेवेत असताना दारी आलेल्या देवाला विटेवर उभे राहावयास सांगणारा भक्त पुंडलिक, या दोन्ही कथा घरोघरी ठाऊक आहेत. दोन्ही कथांतील एक समान गोष्ट मात्र अनेकदा नजरेआड होते. श्रावणाने कावड उचलली ती आईवडिलांच्या इच्छेसाठी, आणि पुंडलिकाने देवाला थांबवले ते आईवडिलांच्या सोयीसाठी. यात्रेचा वेग कोणी ठरवावा, याचे उत्तर या कथांतच आहे. गुडघेदुखी, संधिवात, अर्धांगवायू किंवा केवळ वार्धक्य यांमुळे ज्यांचे चालणे मर्यादित झाले आहे, अशा माता-पित्यांना अष्टविनायकाचे दर्शन घडवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी पुढील माहिती संकलित केली आहे.

घरातील पूर्वतयारी

गाडी ठरवण्यापूर्वी आईवडिलांशी निवांत बोलावे. आठही स्थाने करावयाची आहेत की मोरगाव किंवा पालीसारख्या एखाद्या स्थानाची विशेष ओढ आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. अनेकदा मुले आठ मंदिरांचा कार्यक्रम आखतात आणि आईच्या मनात मात्र माहेरच्या नवसाचे एकच स्थान असते.

त्यानंतर शक्तीचा अंदाज घ्यावा. आधाराशिवाय किती वेळ उभे राहता येते, किती पावले चालल्यावर थांबावे लागते, जमिनीवर बसून पुन्हा उठता येते का, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरता येते का, या चार प्रश्नांची उत्तरे घरीच मिळतात. इमारतीच्या एका मजल्याला साधारणपणे वीस पायऱ्या असतात. ज्यांना दोन मजले चढताना धाप लागते, त्यांच्यासाठी तीनशे पायऱ्या म्हणजे पंधरा मजले, हे गणित मनात असावे.

आठ स्थाने, पायांच्या दृष्टीने

आठपैकी सात मंदिरांपर्यंत पोहोचणे वृद्धांना थोड्या आधाराने शक्य असते. थेऊर, रांजणगाव, ओझर, महड आणि पाली येथील मंदिरे गावात किंवा सपाट भूमीवर आहेत. वाहनतळापासूनचे अंतर, प्रवेशद्वारातील उंबरे व मोजक्या पायऱ्या एवढाच त्रास संभवतो. मोरगावचे मंदिर किल्ल्यासारख्या उंच तटबंदीत असल्याने प्रवेशाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे काठी व एका बाजूने भक्कम हात आवश्यक आहे.

सिद्धटेक हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात भीमा नदीकाठच्या टेकडीवर आहे. येथील मूर्ती उजव्या सोंडेची असून संपूर्ण टेकडीला प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. ही प्रदक्षिणा सुमारे पाच किलोमीटरची असल्याने वृद्धांनी तिचा आग्रह धरू नये. घरातील तरुणाने त्यांच्या वतीने ती घालावी आणि तेवढा वेळ त्यांच्याजवळ दुसरे कोणीतरी बसावे.

आठवे स्थान लेण्याद्री. जुन्नरजवळील डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह असून त्यांतील सातव्या लेण्यात श्रीगिरिजात्मजाचे स्थान आहे. तेथे जाण्यासाठी सुमारे ३०० दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. या स्थानाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मार्गाची आखणी

मोरगावपासून आरंभ करून, शास्त्रोक्त क्रमाने आठ स्थाने करून पुन्हा मोरगावी यात्रेची सांगता करावी, अशी परंपरा आहे. तथापि या क्रमाने एकाच रस्त्यावरून अनेकदा ये-जा होते, म्हणून बहुसंख्य भाविक रस्त्याच्या सोयीनुसार दर्शन घेतात. दोन दिवसांत आठ गणपती हा प्रचलित कार्यक्रम तरुणांनाही थकवतो. वृद्धांसाठी पुणे येथून पुढीलप्रमाणे तीन स्वतंत्र फेऱ्या सोयीच्या ठरतात.

पहिली फेरी मोरगाव व सिद्धटेक. मोरगाव पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटर असून तेथून सिद्धटेक जवळपास तितकेच आहे. पहाटे निघाल्यास उन्हापूर्वी पहिले दर्शन होते.

दुसरी फेरी थेऊर, रांजणगाव, ओझर व लेण्याद्री. पहिल्या दिवशी थेऊर व रांजणगाव करून ओझर येथे मुक्काम करावा. तेथे भक्तनिवासाची सोय आहे. खोली तळमजल्यावरील व कमोड असलेली हवी, हे आरक्षण करतानाच सांगावे. ओझरपासून लेण्याद्री सुमारे १५ किलोमीटर असल्याने दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पायथ्याशी पोहोचता येते.

तिसरी फेरी महड व पाली. या प्रवासात घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्यापूर्वी हलका आहार घ्यावा.

या फेऱ्या सलग करण्याचे बंधन नाही. मध्ये आठवडा किंवा महिना गेला तरी संकल्प भंग पावत नाही. संकष्टी, अंगारकी, भाद्रपद व माघातील गणेशोत्सव, मंगळवार, रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस टाळल्यास रांगेत उभे राहण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो.

प्रवासातील आरोग्य

सलग बसून राहिल्याने पायांना सूज येते व शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी, शक्य तितके चालवावे आणि बसल्या जागी घोटे फिरवण्यास सांगावे. फार खोल किंवा फार उंच आसनाची गाडी टाळावी. उंच गाडीत चढण्यासाठी एक मजबूत पाट जवळ ठेवावा. तोच पाट चढ-उताराला अनेक ठिकाणी उपयोगी पडतो.

शौचालयाच्या भीतीने अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि घरच्यांना तसे सांगतही नाहीत. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. घडीची कमोड खुर्ची सोबत असल्यास ही भीती बरीच ओसरते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावे.

मधुमेहींनी दर्शनापर्यंत उपाशी राहण्याचा नेम धरू नये. उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यास साखर एकाएकी खाली जाऊ शकते, म्हणून खडीसाखर हाताशी असावी. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेल्या फरशीचे चटके समजत नाहीत आणि पाय भाजतात. अशांचे दर्शन सकाळी लवकर उरकावे व सुती मोजे वापरण्याची अनुमती मंदिरात विचारून घ्यावी.

सर्व औषधे मूळ वेष्टनासह, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आधारपत्र आणि घडीची चाकाची खुर्ची सोबत असावी. उतारावर चाकाची खुर्ची नेहमी उलटी, म्हणजे बसलेल्या व्यक्तीची पाठ उताराकडे ठेवून उतरवावी. सरळ उतरवल्यास पुढे पडण्याचा धोका असतो.

प्रवासभाड्यातील सवलती

राज्य परिवहनाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठ नागरिकांना महाराष्ट्राच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. ६५ ते ७५ वयोगटास अर्धे भाडे आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्ध्या भाड्याची सवलत मिळते. वयाचा पुरावा जवळ बाळगावा. रेल्वेने ज्येष्ठांची भाडे-सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, तेव्हा खर्चाचा अंदाज पूर्ण भाडे धरून करावा. मात्र ६० वर्षांवरील पुरुषांसाठी व ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. आरक्षण करताना त्याची मागणी अवश्य करावी.

“तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते”

वृद्धांसह यात्रा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. त्याचे अर्थ दोन असू शकतात. कधी शरीर खरोखरच थकलेले असते आणि विश्रांतीची इच्छा प्रामाणिक असते. परंतु पुष्कळदा ‘माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो’ ही सल त्यामागे असते. ज्या मातेने वर्षानुवर्षे संकष्टीचे उपवास केले, ती देवाच्या दारापर्यंत येऊन गाडीच्या काचेतून कळसाला हात जोडते, आणि मुले तिच्या शब्दावर विसंबून निघून जातात. परतल्यावर तिला प्रसाद मिळतो, दर्शन मिळत नाही.

हा प्रसंग टाळण्याचा उपाय सोपा आहे. ‘येतेस का?’ असे विचारण्याऐवजी ‘अर्धा तास थांबू, मग सावकाश जाऊ’ असे सांगावे. थांबण्यास वेळ आहे असे दिसले की खरे उत्तर मिळते. त्यानंतरही नकार असल्यास तो मान्य करावा आणि एकाने तरी जवळ बसावे. वृद्धांना वाहनात एकटे ठेवू नये. उन्हात बंद वाहन काही मिनिटांत तापते व जिवावर बेतू शकते.

लेण्याद्रीचा निर्णय

लेण्याद्रीच्या पायथ्याशी डोलीची सोय असते. दर आधी ठरवावा व वाहकांना वाटेत विसावा घेऊ द्यावा. काही वृद्धांना दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणे संकोचाचे वाटते. कोणी म्हणते, ‘अजून जिवंत आहे, आताच चौघांच्या खांद्यावर कशाला?’ हा विनोद असला तरी त्यात वेदना असते. तिची चेष्टा करू नये आणि बळजबरीही करू नये. डोलीवाहक हे परिश्रमाने उदरनिर्वाह करणारे लोक आहेत आणि वारीत पालखी वाहण्यात कोणास कमीपणा वाटत नाही, हे शांतपणे सांगितल्यास अनेकांचा संकोच दूर होतो.

हृदयविकार, तीव्र दमा किंवा तोल जाण्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना पायऱ्या चढू नयेत. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक भार येतो, हेही विसरू नये. ‘चढलो म्हणजे झाले’ असे मानणाऱ्यांना उतारच महागात पडतो.

वर जाणे शक्य नसेल तर पायथ्याशी डोंगराकडे मुख करून नामस्मरण करावे. धर्मशास्त्राने बालक, वृद्ध व आजारी यांना आचारनियमांत सवलत दिली आहे, आणि मानसपूजा ही आपल्या परंपरेत प्रत्यक्ष पूजेहून गौण मानलेली नाही. सात स्थानांचे प्रत्यक्ष व आठव्याचे पायथ्याचे दर्शन झालेल्या वृद्धाने आपली यात्रा अपुरी राहिली असे मानण्याचे कारण नाही. मुलांनीही ‘एक राहिला’ असे त्यांच्यासमोर बोलू नये.

मंदिरात पोहोचल्यावर

रांगेत उभे राहण्यापूर्वी मंदिराच्या कार्यालयात जाऊन अडचण सांगावी. वृद्ध व दिव्यांगांसाठी वेगळे द्वार किंवा बसण्याची जागा असल्यास तेथेच कळते. एक प्रदक्षिणा पुरेशी आहे. खाली बसता येत नसल्यास खुर्चीवर बसून, नमस्कारासाठी वाकता येत नसल्यास केवळ हात जोडून दर्शन घ्यावे. मागून घाई होत असली तरी वृद्धांना दंडाला धरून ओढू नये. आपला हात पुढे करावा आणि तो त्यांना धरू द्यावा.

दर्शनानंतर सभामंडपात थोडा वेळ निवांत बसावे. आईवडिलांना पुष्कळदा जुन्या यात्रा, बैलगाडीचे प्रवास, निघून गेलेली माणसे आठवतात. ते ऐकण्यासाठी दिवसाच्या कार्यक्रमात रिकामा वेळ ठेवावा. उरलेली मंदिरे पुढच्या फेरीत होतील. श्रीगणरायाच्या कृपेने सर्व भाविकांची व त्यांच्या माता-पित्यांची यात्रा सुखरूप घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.